चौथ्या पाण्यापर्यंत

१० एप्रिल, मंगळवार. ॲलिस

नॅडीन म्हणाली, रोज चार ओळी लिहून ठेव, फिल्म जुळवताना उपयोगी पडतात. ही वही नॅडीनला दाखवायची नाही, हे मी पहिल्याच पानावर ठरवून टाकलं आहे.

आज शूटिंगचा पहिला दिवस. एक वाक्यही हाती लागलं नाही. नदीच्या कोरड्या पात्रात झाडाखाली एलसीआत्याला खुर्ची टाकून दिली, माइक लावला. गाड्यांचा आवाज येतो म्हणून डेस्मंडनं दोनदा जागा बदलली. आत्या शांत बसून होती. सगळं जमल्यावर म्हटलं, सांग आता घोरपड म्हातारीची गोष्ट. तिनं आजूबाजूला पाहिलं आणि विचारलं, "ही नदी कुणाची?"

मी म्हटलं, इथल्या लोकांची.

"मग त्यांच्या ओसरीवर बसून आपल्या घरातलं काय सांगायचं?"

उठली आणि गाडीत जाऊन बसली. पाच वर्षं या ॲलिस गावात राहते आहे, तरी अजून पाहुणीच. मूत्रपिंडं गेल्यापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार तिला मशीनवर पाच-पाच तास बसावं लागतं आणि मशीन आहे इथं. आमचं वाल्तारा इथून सात तास पश्चिमेला. गोष्ट जिथं संपते तो यिर्पिनचा झिरा त्याच्याही पुढं चार तास, आणि तिथं रस्ता नाही. आत्याचं म्हणणं एवढंच की जिथली गोष्ट तिथंच सांगायची.

डेस्मंड हसत होता. म्हटलं, तुझ्या आईला समजाव. म्हणाला, तुझ्या आत्याला तू समजाव.

१२ एप्रिल, गुरुवार. ॲलिस

सिडनीहून नॅडीन आली. फिल्मचं सगळं कागदोपत्री काम तीच बघते. बाई वाईट नाही, पण घाई फार. तिनं तोडगा काढला: आत्याचा आवाज इथंच स्टुडिओत घ्यायचा, यिर्पिनची दृश्यं वरून ड्रोननं टिपायची आणि वाळूत चालायला एखादी तरुण मुलगी घ्यायची. मी हो म्हटलं. लिहायला लाज वाटते, पण म्हटलं. आत्याही लगेच हो म्हणाली, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

स्टुडिओत आत्यानं डोळे मिटले आणि आमच्या भाषेत, अगदी जुन्या चालीवर, घोळवून घोळवून सांगितलं की दुधाची पावडर संपली आहे, बाजार आणून देणाऱ्या मेझीला साखर आणायला सांगितली तर ती बिस्किटं घेऊन आली, आणि सुपरमार्केटातला मटणवाला कांगारूच्या शेपटीचं मांस आता आखूड कापतो. वीस मिनिटं. डेस्मंड खोकल्याचं निमित्त करून बाहेर पळाला. नॅडीनच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिनं माझा हात दाबून विचारलं, काय सांगितलं? मी म्हटलं, प्रवासाची गोष्ट आहे.

१३ एप्रिल, शुक्रवार

नॅडीनला खरं काय ते सांगितलं. ती हसत सुटली आणि म्हणाली, ठीक आहे, यिर्पिनला जा. सप्टेंबरअखेरपर्यंत वेळ देते. मी आत्याला झिऱ्यावर नेणार. कशी ते माहीत नाही, पण नेणार.

२ मे, बुधवार. ॲलिस

मशीनच्या खोलीत आत्याजवळ बसले होते. हल्ली ती विसरायला लागली आहे. गोष्टीत वाटेवर चार पाण्याच्या जागा आहेत; म्हातारी दुसऱ्या पाण्यापाशी आली की आत्या थांबते आणि म्हणते, "पुढं काय गं झालं? माझ्या डोक्यातनं गेलं." मग मी सांगते. माझं चुकलं की मात्र तिला लगेच आठवतं. आज पहिल्या पाण्यापासून चौथ्यापर्यंत सगळं माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. नर्सला विचारलं, या वयात असं होतं का? ती म्हणाली, बाकी तर त्यांना सगळं आठवतं, परवा मी दिलेल्या गोळ्यांतली एक कमी होती तेही.

म्हणजे नुसती गोष्टच विसरते आहे. त्याचीच मला भीती वाटते. माझे वडील गेले तेव्हा त्यांच्या गोष्टी त्यांच्याबरोबर गेल्या. त्यांच्या आवाजाच्या कॅसेटी, मी जिथं काम करते त्या आमच्या रेडिओ सेंटरच्या कपाटात बंद आहेत. गेलेल्या माणसाचा आवाज घरच्यांनी हो म्हणेपर्यंत कुणी ऐकायचा नाही, आणि मी अजून हो म्हटलेलं नाही.

६ मे, रविवार. ॲलिस

हरलो. शुक्रवारी मशीन संपल्याबरोबर निघालो, रात्र वाल्ताऱ्याला काढली आणि शनिवारी उजाडताच पश्चिमेला लागलो. पहिलं पाणी लागलं, दुसरं लागलं. दुसऱ्याच्या पुढच्या वाळूच्या टेकडीत टोयोटा रुतली, ती दुपारपर्यंत निघाली नाही. चाकांखाली काटेरी गवत घाला, फांद्या घाला, सगळं झालं. निघाली तेव्हा पुढं जायला दोन तासांचा उजेड शिल्लक होता आणि आत्याचे पाय सुजायला लागले होते. सोमवारी सकाळी तिला मशीनवर असायलाच हवं. मी म्हटलं, मागं फिरायचं.

 ॲलिसचे दिवे दिसल्यावर आत्या म्हणाली, "दावं केवढं लांब आहे ते कळलं."

डेस्मंडनं तिसऱ्या पाण्याची वाट बघून ठेवली आहे. टेकडीला उत्तरेनं वळसा घालायचा म्हणतो.

२१ मे, सोमवार

मशीन बसवलेला ट्रक जूनमध्ये तीन आठवडे वाल्ताऱ्याला येणार! दोनच खुर्च्या, आणि घरी जायला मिळावं म्हणून ताटकळणारे म्हातारे कितीतरी. रोज सकाळी ट्रकची यादी ठरवणाऱ्या ऑफिसच्या पायरीवर जाऊन बसते आहे. बाई म्हणाली, यादी भरली. म्हटलं, मी बसते.

३० मे, बुधवार

यादीतल्या एकाला हॉस्पिटलात ठेवलं. बिचाऱ्याला घरी जायला मिळणार नाही आणि मला आनंद झाला. असा आनंद लिहून ठेवायलाही बरं वाटत नाही. त्याची जागा आत्याला मिळाली.

८ जून, शुक्रवार. ॲलिस

आत्याची बांधाबांध केली. फारसं काही निघालंच नाही. रेडिओ तिनं मेझीला देऊन टाकला, चांगला कोट शेजारच्या खोलीतल्या बाईला. म्हटलं, अगं तीन आठवड्यांनी परत यायचंय, थंडीत काय घालशील? म्हणाली, ओझं कशाला. तांबडं ब्लँकेट मात्र आठवणीनं घेतलं.

नॅडीनचे कागद मी महिनाभर तिच्यापुढं धरत होते, आज तिनं आपणहून मागून घेतले आणि एका बैठकीत पुरे केले. त्यात एक प्रश्न होता: सांगणारी व्यक्ती हयात नसल्यास फिल्म दाखवायची की नाही, कुणाला विचारायचं? आत्यानं माझंच नाव सांगितलं, "शर्लीनला विचारा म्हणून लिही." आणि नर्सला विचारत होती, मशीन चुकलं तर माणूस किती दिवस काढतं. बहुधा शूटिंगचा हिशोब बसवत असेल. मी तिला सांगितलं, एकही मशीन चुकवायचं नाही, सगळं शनिवार-रविवारमध्ये बसवलं आहे. ती हसली. बऱ्याच दिवसांनी तिचा मूड चांगला आहे.

१७ जून, रविवार. वाल्तारा

उशीर फार झाला आहे. तरी आजच लिहायला हवं.

काल सकाळी जमीन गोठलेली असतानाच निघालो. डेस्मंडचा वळसा बरोबर होता. तिसरं पाणी लागलं, आणि दुपारच्या सुमाराला यिर्पिन. शेवटचा अर्धा मैल आत्या चालत गेली, मोठ्यानं हाक देत: आम्ही आलोय, तुमचीच नातवंडं, ओळखा आम्हाला. आवाज एवढा कुठून आला तिच्यात! डेस्मंडनं झिऱ्यातली वाळू उपसली. खांद्यापर्यंत हात गेला तेव्हा बोटं ओली झाली, मग हळूहळू पाणी चढलं. आत्यानं ओंजळभर घेऊन माझ्या डोक्याला लावलं. चाळीस वर्षांत इथं कुणी आलं नव्हतं.

रात्र तिथंच काढून आज सकाळी कॅमेरा लावला. आत्या म्हणाली, मला दम लागतो, तू सांग, मी ऐकते. मी कॅमेरा डेस्मंडकडे दिला. ते बरोबरही होतं. गोष्ट आमच्या बापाच्या बाजूची, सांगायची आम्ही. पण राखण आमच्या घरच्या बहिणींच्या पोरांकडे. डेस्मंडनं ऐकायचं आणि बरोबर म्हणायचं, तरच ती झाली.

मी सांगू लागले. घोरपड म्हातारी तहानलेल्या नातवंडांसाठी काथवटीत पाणी घेऊन निघाली. पहिल्या ठिकाणी ठेच लागली, पाणी सांडलं. दुसऱ्या ठिकाणी कुत्रा आडवा आला. तिसऱ्या ठिकाणी पश्चिमेचा वारा आला. जिथं सांडलं तिथं आजही पाणी आहे. मी कधी इतकं सरळ सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं मी नाही, कुणीतरी माझ्या तोंडानं बोलतंय.

चौथ्या पाण्यापाशी म्हातारी काथवट खाली ठेवते आणि बाजूला आडवी होते. परत उठत नाही. झिऱ्याच्या पलीकडचा लांब खडक म्हणजे तीच.

मी ते म्हणायला तोंड उघडलं आणि मान वळवली. खडकाच्या सावलीत तांबडं ब्लँकेट अंथरलेलं होतं. आत्यानं बूट काढून कडेला जोडीनं ठेवले होते आणि ती ब्लँकेटवर बसली होती, घरात बसावं तशी.

रेडिओ. कोट. तो कागद. किती दिवस काढतं. दोन महिने ती काही विसरत नव्हती. मीच आंधळी.

मी थांबले.

"पुढं," आत्या म्हणाली.

"येत नाही."

"येतं तुला. मशीनवर दोनदा सांगितलंस."

"विसरले."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग आवाज न चढवता म्हणाली, "शर्ली, मी दमले. त्या खुर्चीत, परक्याच्या गावात मला मरायचं नाही. इथं बरं आहे. गोष्ट पुरी कर आणि तुम्ही दोघं जा."

"मला पुढचं येत नाही, आत्या."

त्या पाण्यावर बसून मी खोटं बोलले. तिला माहीत होतं, मला माहीत होतं, डेस्मंडला माहीत होतं. त्यानं कॅमेरा बंद केला. त्याचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "गोष्ट अर्धी राहिली. अर्धी टाकून इथं कुणी झोपायचं नाही. पुरी झाली की बघू."

आत्या म्हणाली, "राखणदार म्हणून बोललास की पोरगा म्हणून?"

"गाडीत बस, आई."

राखणदाराच्या शब्दाबाहेर तिला जाता येत नाही. तिनं बूट स्वतः घातले. मी हात पुढं केला तो तिनं धरला नाही.

११ जुलै, बुधवार. ॲलिस

फिल्म जुळवायच्या कामासाठी मी आता इथंच आहे. दर बुधवारी आत्याकडे जाते. ती भिंतीकडे तोंड करून बसते. मेझी रेडिओ परत द्यायला आली होती, आत्यानं घेतला नाही.

नॅडीनला तीन पाणी दाखवली. म्हणाली, फार सुंदर आहे, शेवट कुठाय? म्हटलं, शेवट अजून शिकते आहे.

खोटं एकदा बोललं की ते रोज बोलावं लागतं. मी आत्याला वाचवलं असं सुरुवातीला वाटत होतं. आता तिच्या दंडातल्या सुया बघते आणि वाटतं, मी तिला वाचवलं नाही, बांधून घातलं. आणि बांधायला दोर घेतला तो आमच्या गोष्टीचाच.

१४ ऑगस्ट, मंगळवार

आज आत्या बोलली. मी काही विचारलंही नव्हतं.

"तुझा बाप खोटं बोलताना नाक खाजवायचा. तू पण खाजवतेस."

मी नाकावरचा हात काढला.

"सुई कुणाच्या हातात जाते?" तिनं विचारलं. म्हटलं, तुझ्या. "मग कधी नको म्हणायचं ते कुणी ठरवायचं?"

 बाहेर येऊन डेस्मंडपाशी रडले. तो म्हणाला, त्या दिवशी माझ्या तोंडून पोरगाच बोलला, राखणदार नव्हे. राखणदारानं तुला तिथंच सांगायला हवं होतं, खोटं बोलू नकोस म्हणून. तेव्हापासून त्यालाही झोप नाही. दिसतं ते त्याच्याकडे बघून.

ट्रक सप्टेंबरात पुन्हा वाल्ताऱ्याला आहे. ऑफिसच्या बाईनं मला पायरीवर पाहिलं आणि न विचारताच आत्याचं नाव लिहिलं. मी आत्याला यिर्पिनला नेणार आणि शेवटपर्यंत सांगणार. मग ती म्हणेल तसं. ती राहते म्हणाली तर मीही तिच्याबरोबर राहीन, शेवटपर्यंत. हे ठरवायला मला दोन महिने लागले, आता बदलायचं नाही. आत्याला तसं सांगितलं. ती म्हणाली, "ब्लँकेट धुवायला टाक."

२३ सप्टेंबर, रविवार. वाल्तारा

सांगितलं. एका दमात, पहिल्या पाण्यापासून. आता ऊन तापायला लागलं आहे, माश्या फार, तरी मध्ये एकदाही थांबले नाही. "तिनं काथवट खाली ठेवली," हेही म्हटलं. म्हातारी आडवी झाली. खडक झाली. संपलं. डेस्मंडनं डोळ्यांवरनं कॅमेरा खाली घेतला आणि म्हणाला, "बरोबर." राखणदाराचा शब्द दिला गेला.

ब्लँकेट गाडीतच होतं. मी आणायला उठले. तसं ठरलं होतं.

आत्या झिऱ्याच्या काठावर बसली होती. नर्सनं दिवसाचं पाणी मोजून दिलेलं असतं, तरी तिनं एक घोट घेतला आणि तोंडात घोळवून गिळला. खडकाकडे बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "चुकलं."

मी जागच्या जागी उभी राहिले. काय चुकलं?

"तिसऱ्या पाण्याचं. वारा तसा नाही येत."

म्हटलं, तूच शिकवलंस, पश्चिमेचा.

"मी काय शिकवलं ते मला माहीत आहे. पुन्हा नीट सांगायला लागेल. आज नको, उशीर झाला." तिनं डेस्मंडकडे हात केला, उठवायला. "सकाळी मशीन आहे माझं. हा नुसता उभा काय राहिलाय?"

डेस्मंडनं तिला उठवलं. गाडीत तिनं वाटभर माझ्या उच्चारांना नावं ठेवली. रेडिओवर बोलून बोलून माझी जीभ बिघडली आहे म्हणे.

रात्री सगळं रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. एक शब्द इकडचा तिकडं नाही. मला खरंच राग आला आहे. सहा महिने जिवाचं रान केलं आणि चूक म्हणे.

१० नोव्हेंबर, शनिवार. वाल्तारा

काल बास्केटबॉलच्या मैदानावर फिल्म दाखवली. दोन खांबांमध्ये चादर बांधली होती. अख्खं गाव, पोरंटोरं, कुत्री. नॅडीन सिडनीहून आली, तिला कुणीतरी भाजलेली शेपूट दिली आणि तिनं ती खाल्ली. डेस्मंड काल मशीन संपल्याबरोबर आत्याला घेऊन ॲलिसहून निघाला आणि दिवसाउजेडीच पोचवायचं म्हणून गाडी पळवत आणली. तरी उशीर झालाच, गाव तासभर थांबलं. तिला पुढच्या खुर्चीत बसवलं, मांडीवर तांबडं ब्लँकेट. मेझीनं परत केलेला रेडिओही तिच्या पिशवीत दिसला.

पहिलं पाणी झालं, दुसरं झालं. माझा आवाज आमच्या भाषेत मैदानभर, आणि बायका पुढचे शब्द माझ्याआधी पुटपुटत होत्या. म्हणजे त्यांना येत होती गोष्ट, थोडी थोडी. हे मला माहीत नव्हतं.

तिसरं पाणी आलं तेव्हा आत्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "इथं चुकलंय. सगळ्यांनी ऐकून ठेवा. पोरीला अजून पक्कं येत नाही."

लोक हसले. नॅडीन घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी डेस्मंडला बाजूला घेतलं आणि विचारलं, राखणदार म्हणून सांग, वारा कुठचा? तो म्हणाला, पश्चिमेचाच, आजोबाही पश्चिमेचाच म्हणायचे. म्हटलं, मग चारचौघांत सांग की तिला. तो म्हणाला, "तू सांग." आणि चहा आणायला गेला.

आज सकाळी आत्याला निघताना विचारलं, बरोबर काय आहे ते तरी सांग. म्हणाली, असं इथं उभ्यानं सांगायची गोष्ट आहे का ती? यिर्पिनला गेल्यावर सांगेन. तिथल्या उन्हाळ्यात नको, थंडी पडायला लागली की.

ट्रक पुढं एप्रिलमध्ये आहे. सोमवारी त्या ऑफिसच्या पायरीवर जाऊन बसायचं आहे.